मिरी मागे का जाते

मिरीनं माझ्या डाव्या पायातला मोजा टाचेपर्यंत ओढला, मग थांबली, कान टवकारले आणि मोजा तसाच सोडून निघून गेली.

"मिरी, ओढ," मी म्हटलं.

तिच्या नखांचा आवाज पॅसेजमधून स्वयंपाकघराकडे गेला आणि बंद झाला.

"मिरी, ये."

ती आली नाही. मी अर्धवट निघालेल्या मोज्यासकट व्हीलचेअर ढकलत पॅसेजच्या टोकाला गेले. स्वयंपाकघराच्या दारात आई मिरीला अडवायला एक पाट उभा करून ठेवत असे. तो बाजूला सरकलेला होता. आत कोणी दिसत नव्हतं.

"आई, मिरी तिकडे आहे का?"

मागच्या बाजूनं उत्तर यायला वेळ लागला. "आहे. पाणी पितेय."

मिरीचं पाण्याचं भांडं माझ्या खोलीत होतं. मी वळून पाहिलं. भांडं जागेवर होतं आणि भरलेलंही होतं.

थोड्या वेळानं मिरी आली. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं अशा थाटात तिनं माझ्या पायाशी बसून उरलेला मोजा काढला आणि माझ्या हातात दिला.

हे साताऱ्यात, गोडोलीतल्या आमच्या बैठ्या घरात घडत होतं. चौतिसाव्या वर्षी माझ्या मज्जारज्जूला सूज आली आणि कमरेखालची हालचाल गेली. सूज कशानं आली ते डॉक्टरांना शेवटपर्यंत सापडलं नाही. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे आजारापेक्षाही त्या न सापडलेल्या कारणाची सवय व्हायला मला जास्त दिवस लागले. बाबा तेव्हा होते. त्यांनी पुढच्या दाराला उतार करून घेतला, माझ्या न्हाणीघराचं दार रुंद केलं. स्वयंपाकघराच्या मागे एक पायरी उतरून आईची मोरी आणि न्हाणीघर होतं. ती पायरीही काढू या, असं बाबा म्हणाले होते. आई म्हणाली, "मागे तिला काय काम? राहू दे." पायरी राहिली. बाबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो.

मिरी येण्याआधी माझा दिवस पडणाऱ्या वस्तूंवर चालायचा. पेन पडलं की आई. मोबाइल पलंगाखाली गेला की आई. ती तवा बंद करून, हात पुसत यायची, उचलून द्यायची, परत जायची. कधी कुरकुरली नाही. पण खाली पडलेल्या पेनाकडे बघत, हाक मारावी की पेनाशिवाय चालवून घ्यावं, याचा विचार करत मी कितीदा तरी बसलेली असायचे.

मग एका सहकाऱ्याकडून पुण्याजवळच्या त्या केंद्राची माहिती मिळाली. अपंग माणसांना मदत करण्यासाठी तिथे कुत्र्यांना शिकवत. वर्षभर वाट पाहिल्यावर ग्रेगरी डाबरे नावाचे प्रशिक्षक एका काळ्या लॅब्रेडॉर कुत्रीला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. ते वसईचे, आवाज मोठा आणि चाल हळू.

"नाव काय म्हणालात?" आईनं दारातूनच विचारलं.

"मिरी, आजी. आमच्याकडे एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावं मसाल्यांवरून. हिचा भाऊ लवंग. धाकटा जायफळ."

"जायफळ!"

"तो फार झोपायचा."

आईला हसू आलं होतं, पण तिनं ते दाखवलं नाही. "घरात राहू दे. पण स्वयंपाकघरात नाही. देव तिथे आहेत. आणि मी सोवळ्यात असताना मला शिवायची नाही."

"सांगाल तिथे थांबेल ती."

डाबऱ्यांनी मला सगळं करून दाखवलं. 'उचल' म्हटलं की पडलेली वस्तू तोंडात धरायची, 'दे' म्हटलं की हातात सोडायची. दारांच्या आणि कपाटाच्या कड्यांना त्यांनी कापडी पट्ट्या बांधल्या. 'ओढ' म्हटलं की मिरी पट्टी दातात धरून दार उघडायची. 'टेका' म्हटलं की चारही पाय रोवून, मान ताठ करून दगडासारखी उभी राहायची.

"हे चालता येणाऱ्यांसाठी," डाबरे म्हणाले. "तोल जातो त्यांना धरायला. तुम्हाला उपयोग नाही, पण येतं तिला. आजी, तुम्ही या बरं जरा. हिच्या पाठीवर हात ठेवा, दाखवतो."

आईनं पदर आवरला आणि मागे सरकली. "मला नको. मी आंघोळ केलीय."

मग डाबऱ्यांनी स्वतःच मिरीवर रेलून दाखवलं.

पहिले काही आठवडे फार चांगले गेले. महाविद्यालयात फळ्यापाशी खडू पडला की मिरी उचलून द्यायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. घरी मी आईला दिवसभरात एकदाही हाक मारली नाही असा एक रविवार गेला. आईनं संध्याकाळी दारात येऊन विचारलं, "बरी आहेस ना? आवाज नाही तुझा."

आईचं बोलणं मात्र बदललं नाही. "शरू, तुझ्या बयेला आवर." "शरू, तुझी बया पॅसेजमध्ये आडवी पडलीय." मिरी हे नाव तिनं तोंडातून काढलं नाही. "फोडणी करताना डब्यात हात घालते आणि ही आठवते. नाव तरी धड ठेवायचं."

मग मिरी कामं अर्धवट टाकू लागली.

कारण शोधायचं हा माझा स्वभाव आणि माझं कामही. वासामुळे जात असेल असं आधी वाटलं. आईला सांगून एक दिवस सगळं अन्न फ्रिजमध्ये ठेवलं. मिरी गेलीच. मागच्या कुंपणावर एक बोका यायचा, तो आलेला नसतानाही गेली. सकाळी जास्त जायची, संध्याकाळी कमी, दुपारी आई झोपली की मुळीच नाही. दुपारी वास नसतो आणि बोकाही नसतो, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी एकेक गोष्ट बदलत गेले, बाकीच्या तशाच ठेवत गेले, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त गोंधळत गेले.

एका सकाळी मला ती स्वयंपाकघराच्या दारात दिसली. पाट भिंतीला टेकवलेला होता. मिरी आत तोंड करून, पाय फाकवून, मान ताठ धरून उभी होती. मी हाक मारली. कानही हलला नाही. दारामागे काय होतं ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. काही वेळानं ती सैल झाली, अंग झाडलं आणि आत निघून गेली.

मी घाबरले. अपस्माराचा एक प्रकार असतो, त्यात झटके येत नाहीत, नुसतं थिजायला होतं. मी त्यावर बरंच वाचलं आणि मिरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"कुत्री ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही जरा कमी वाचा."

आणखीही काही गोष्टी होत्या, पण त्या कुठे बसवाव्यात ते मला समजत नव्हतं. आईच्या सोवळ्याच्या रेशमी साडीवर, निऱ्यांपाशी, मला काळे केस दिसले. मी दाखवले तर म्हणाली, "वाऱ्यानं उडतात मेले." पॅसेजमधून मागच्या गीझरचा लाल दिवा दिसायचा. तो पहाटे आंघोळीच्या वेळी लागायचा. आता पूजा झाल्यावर पुन्हा लागलेला दिसू लागला.

"आई, गीझर चालू राहिलाय."

"राहिला नाही, लावलाय. पुन्हा आंघोळ करतेय."

"का?"

"घाम आला."

डिसेंबर होता. मी शाल घेऊन बसले होते.

शेवटी मी डाबऱ्यांना फोन केला. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मधे काम टाकून जाणारी कुत्री तुमच्या उपयोगाची नाही. उद्या तुम्ही पडलात आणि ही निघून गेली तर? मी येतो आणि बघतो. पण माझ्यासमोरही तसंच केलं तर मला न्यावी लागेल. नगरच्या एका मुलाचं नाव यादीत आहे. त्याला मानेखाली काही हलवता येत नाही."

"पुन्हा शिकवून परत द्याल?"

"परतचं सांगता येत नाही."

त्याच रविवारी बंगळुरूहून नंदनदादाचा फोन आला. तो दर रविवारी करायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा. स्पीकर लावलेला होता.

"आई, जमतंय ना सगळं? नाही जमलं की सांग. दोघींची खोली तयार आहे इथे. शरूला ऑनलाइन शिकवता येईल काहीतरी."

"जमतंय रे," आई म्हणाली. "मला काय झालंय?"

"लपवू नकोस म्हणजे झालं."

"तू आधी केस काप. फोटोत भुतासारखा दिसतोस."

ऑनलाइन काहीतरी. माझी प्रयोगशाळा, माझे विद्यार्थी, उतार असलेलं हे एकमेव घर, आणि आईचे देव. दादाला यातलं काही वाईट हेतूनं मोडायचं नव्हतं. पण आईला जमेनासं झालं असं त्याच्या कानावर गेलं असतं, तर त्यानं आठवड्याभरात ट्रक पाठवला असता. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

डाबरे येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पॅसेजमध्ये होते आणि आई ओट्यापाशी कणीक मळत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

"उद्या नेणार म्हणजे कायमची?"

"बहुतेक."

"दुसरी देतात?"

"वर्ष लागेल. जास्तही."

"मग तुझं पडलं-झडलं मी उचलायचं."

"मी हाक नाही मारणार. एक लांब चिमटा मिळतो बाजारात."

"मार की. हाक मारायला काय झालं?" ती म्हणाली. मग कणकेचे हात नळाखाली धरून उभी राहिली. हात स्वच्छ झाले तरी ती नळाखालून काढत नव्हती. तिला बया जाणार याचा आनंद व्हायला हवा होता. निदान सुटल्यासारखं तरी वाटायला हवं होतं. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मला त्यातून काही वाचता येईना.

डाबरे सकाळी पूजेच्या सुमारास आले. आई मागे होती. मिरी त्यांना बघून शेपटीनं सगळं टेबल साफ करून मोकळी झाली.

"पुरे. कामाला लाग," डाबरे म्हणाले. "मॅडम, किल्ल्या टाका."

मी किल्ल्या टाकल्या. तिनं उचलल्या, दिल्या. कपाट उघडलं, रुमाल आणला. दिवा लावला. दार लावलं. एकही चूक नाही. मला अभिमान वाटत होता आणि त्याचा रागही येत होता, कारण आता डाबऱ्यांना मी खोटारडी वाटणार होते.

"आता मोजा."

मिरीनं मोजा धरला. टाचेपर्यंत आला. ती थांबली. कान उभे राहिले. मलाही या वेळी काहीतरी ऐकू आलं, मागे कुठेतरी बारीक ठकठक, लाकडावर बोटानं वाजवावं तशी. मिरी मोजा सोडून गेली.

"बघितलंत?" मी म्हणाले.

डाबरे उठले आणि तिच्या मागे गेले. थोड्याच वेळात एकटे परत आले. चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं.

"मागच्या न्हाणीघराच्या दारापाशी उभी आहे. आत आजी आहेत बहुतेक, मी पुढे गेलो नाही. पण त्या दारालाही पट्टी बांधलीत, हे बरं केलंत. फक्त ती पायरी तुम्ही उतरता कशी?"

"कुठली पट्टी?"

"न्हाणीघराच्या दाराची. आणि मोरीतल्या कपाटाची."

"मी तिकडे सात-आठ वर्षांत गेलेले नाही," मी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "मला खाली उतरवता का?"

त्यांनी खुर्ची मागे कलती करून मला पायरीवरून उतरवलं आणि स्वतः वर, स्वयंपाकघरात थांबले.

न्हाणीघराच्या कडीला इरकली साडीचा काठ बांधलेला होता. मला तो काठ ओळखीचा होता. आईची ती जुनी हिरवी साडी गेल्या वर्षी फाटली होती. मोरीतल्या बुटक्या कपाटाला तसाच तुकडा. कपडे वाळत घालायच्या काठीला एक. मागच्या दाराच्या कोयंड्याला एक. सगळे मिरीच्या तोंडाच्या उंचीवर, नीट निरगाठ मारून. काहींची टोकं दातांनी कुरतडून दशा झाली होती. माझ्या खोल्यांतल्या पट्ट्या केंद्राच्या होत्या, निळ्या. इथे तेच सगळं हिरव्या काठांचं होतं.

आतून आईचा आवाज आला, हलका, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"ओढ."

मिरीनं काठ दातात धरला आणि दार ओढलं. आई नेसून उभी होती, केस ओले. तिनं अजून आम्हाला पाहिलं नव्हतं. ती खाली, उंबरठ्याकडे बघत होती. एक पाऊल टाकायचं होतं, पण पाय जागचा निघत नव्हता. टाच हलत होती आणि बोटं जमिनीला चिकटल्यासारखी. वरचं अंग पुढे झुकत चाललं होतं.

"टेका," ती म्हणाली.

मिरी पाय फाकवून, मान ताठ करून उभी राहिली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात थरथरत होता. मग मिरीनं मान वळवून आईच्या पावलाला नाक लावलं. हे तिला कोणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. डाबऱ्यांनाही माहीत नव्हतं. पाय सुटला. आई उंबरठा ओलांडून बाहेर आली, आणि मग तिनं मला पाहिलं.

मी पायरी उतरून तिथे आहे, याचंच तिला आधी आश्चर्य वाटलं असावं. ती म्हणाली, "तू कशी आलीस?"

"डाबऱ्यांनी उतरवलं."

"बरं." तिनं मिरीच्या पाठीवरचा हात काढला. मग पुन्हा ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. दारातच होतं. मधे चालताना काही नाही. दार आलं की पाय ऐकत नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगून काय, तू धरणार होतीस मला?" ती म्हणाली, आणि लगेच, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं मला."

"नंदनला कळलं असतं ना, शरू."

मिरी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. माझा अर्धवट निघालेला मोजा पायावर लोंबत होता.

"तिला नेऊ देणार होतीस," मी म्हणाले. "आज ती गेली असती तरी तू काही बोलली नसतीस."

"कुत्री तुझी आहे. मी कशी मागू?"

मला काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सुटका होती, भीती होती, आणि कुठेतरी मत्सरही होता, मिरी माझा मोजा टाकून जिच्याकडे जात होती ती आई आहे म्हणून. या सगळ्यातून मी विचारलं ते भलतंच होतं.

"सोवळ्यात? पूजेच्या आधी हिला शिवायचीस?"

"पूजा करायला देवापर्यंत जायला तर हवं," आई म्हणाली. "नंतर आंघोळ करते की पुन्हा. म्हणून तर गीझर."

स्वयंपाकघरातून डाबरे खोकल्यासारखं काहीतरी करत होते. ते हसत होते असं मला वाटलं, पण नंतर पाहिलं तर त्यांनी डोळे पुसलेले होते.

आईनं चहा केला. मी तिच्याकडे बघत बसले. इतके दिवस न दिसलेलं मला आता सगळीकडे दिसत होतं: कप धरताना तिचा उजवा हात दुसऱ्या हातानं कसा दाबून ठेवते, ओट्यापासून फ्रिजपर्यंत भिंतीच्या कडेनं कशी जाते. पुढे डॉक्टरांनी या सगळ्याला नाव दिलं आणि गोळ्या दिल्या, आणि दादाला सांगावंही लागलं. त्यावर आमची मोठी भांडणं झाली. पण आम्ही साताऱ्यातच राहिलो, आणि ती पायरी मी त्याच महिन्यात काढून टाकली.

त्या सकाळी मात्र पायरी होती. मी खाली मोरीच्या बाजूला, आई वर ओट्यापाशी आणि डाबरे दारात पाटावर बसलेले. तोच पाट.

"आजी, ही माझ्या भाषेत चूक आहे," डाबरे म्हणाले. "एका कुत्र्याला एकच माणूस. दोघांच्या हाका ऐकायला लागली की तिचा गोंधळ होतो, आणि नेमक्या वेळी कुणाकडेच जात नाही."

"मग न्या," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी म्हटलं ना, कुत्री शरूची आहे."

"मी विचारतोय मॅडमना."

"तिला शिकवता येईल का," मी विचारलं, "आधी कोण आणि मग कोण?"

"येईल. वेळ लागेल. पण आधी कोण, हे तुम्हाला ठरवून द्यावं लागेल. आत्ता ठरवा. तेच तिला कायमचं सांगायचं. बघू, किल्ल्या टाका."

मी किल्ल्या टाकल्या. त्याच वेळी आई पातेलं उतरवत होती, आणि तिच्या हातून सांडशी निसटून फरशीवर पडली. दोन्ही आवाज एकत्रच झाले. मिरी पायरीवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे.

"आधी तिचं, मिरी," आई म्हणाली.

"आधी तिचं," मी म्हणाले.

मिरी खाली बसली. थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिली, आणि मग मान वर करून तिनं डाबऱ्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडे नको बघूस," डाबरे म्हणाले आणि कप खाली ठेवून उठले. "मी निघालोय."